फ्रीझ-ड्राय जेवणाची पाकिटं: पैसे वसूल होतात का? (वजन करून, हिशोब मांडून)

धंतोलीकर

मे महिन्याच्या शेवटी आम्ही सहा जण नागपूरहून उत्तराखंडात हर की दूनच्या ट्रेकला जातोय. सांक्री गावाच्या पुढे सामान ज्याचं त्याने उचलायचं, सोबत एक वाटाड्या, खेचर नाही. चार रात्री तंबूत. जेवणाची जबाबदारी माझ्यावर आली, म्हणून गेले तीन आठवडे मी तयार जेवणाची पाकिटं विकत आणून, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून, गच्चीवर ट्रेकच्या बर्नरवर पाणी उकळून खाऊन बघतेय. घरच्यांनीही न कुरकुरता खाल्लं, त्यांचे आभार.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येकाचं मी एकेकच पाकीट उघडलं, तेवढ्यावरून कुणाला चांगलं-वाईट ठरवणं बरं नाही. तीन प्रकारांतलं एकेक प्रातिनिधिक पाकीट घेते.

पहिलं, फ्रीझ-ड्राय, म्हणजे गोठवून वाळवलेला, राजमा-भात. निव्वळ वजन ७५ ग्रॅम, किंमत १८० रुपये, १०० ग्रॅममागे ४१० किलोकॅलरी. म्हणजे अख्ख्या पाकिटात साधारण ३०७.

दुसरं, गरम हवेत वाळवलेला उपमा, कपात मिळतो तो. ८० ग्रॅम, ६० रुपये, १०० ग्रॅममागे ४२०. कपात ३३६ किलोकॅलरी.

तिसरं, रिटॉर्ट पाऊचमधला राजमा, म्हणजे शिजवलेला, ओलाच सीलबंद केलेला, नुसता गरम करून खायचा. ३०० ग्रॅम, १२० रुपये, १०० ग्रॅममागे ११०. पाकिटात ३३०.

हल्ली पाकिटावर एमआरपीसोबत एका ग्रॅमची किंमतही छापलेली असते. ती बघून मी आधी फसले. फ्रीझ-ड्राय २ रुपये ४० पैसे, उपमा ७५ पैसे, रिटॉर्ट ४० पैसे. म्हणजे रिटॉर्ट सगळ्यांत स्वस्त! पण त्या ३०० ग्रॅममध्ये बहुतेक पाणीच आहे. १०० किलोकॅलरीला किती पैसे पडले ते काढलं तेव्हा चित्र पालटलं: फ्रीझ-ड्राय साडेअठ्ठावन्न रुपये, रिटॉर्ट सव्वाछत्तीस, उपमा अठरा.

मग पाठीवरचं वजन. १००० किलोकॅलरी न्यायच्या तर फ्रीझ-ड्रायचे २४४ ग्रॅम, उपम्याचे २३८, रिटॉर्टचे ९०९. इथे मी चमकले. फ्रीझ-ड्राय हलकं म्हणून महाग, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण वाळलेलं ते वाळलेलं, गोठवून वाळवा की हवेत. वजनात दोघांत फरकच नाही. मग तिप्पट पैसे नक्की कशाचे?

खाऊन जे कळलं ते लिहिते. फ्रीझ-ड्रायचं पाकीट फाडलं तर आत भाताची शितं सुटी, पांढरी, अगदी हलकी. वाटाण्याचा दाणा दोन बोटांत दाबला तर खडूसारखा भुगा झाला. उकळतं पाणी २२५ मिली ओतलं, तोंड मिटलं, घड्याळ लावलं. आठ मिनिटांनी राजम्याचा दाणा सुरीने मधोमध चिरला: कडेने मऊ, गाभ्यात पांढरा कोरडा ठिपका. बाराव्या मिनिटाला दुसरा चिरला, ठिपका गेलेला. चव घरच्या राजम्याच्या पुष्कळ जवळची, वाटाणा तर ताज्यासारखा गोड. कपातला उपमा पाच मिनिटांत फुगला, पण त्यातलं गाजर शेवटपर्यंत चिवट आणि वाटाणा गोटीसारखा.

एक तक्रार. एका मोठ्या पाकिटावर ठळक अक्षरांत ‘दोघांसाठी’ लिहिलंय आणि आत १२० ग्रॅम, सगळ्या मिळून ४९० किलोकॅलरी. दिवसभर चढून आलेल्या माणसाला २४५ मध्ये कसं भागणार? ‘किती जणांसाठी’ हे वाचूच नका, मागचा तक्ता वाचा.

ज्यांनी अशी पाकिटं प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांचं मत हवंय.

वऱ्हाडी_पावलं

ताई, मेहनत घेतली तुम्ही, मानलं. पण मी त म्हणतो, एवढे पैसे काहून घालवायचे? आपल्या इकडे उन्हाळ्यात दर घरच्या गच्चीवर वाळवण असते. मुंगवड्या, सरगुंडे, कुरड्या, हरभऱ्याची सुकी भाजी. आमची आजी वावरात जाताना सातूचं पीठ अन् गुळाचा खडा फडक्यात बांधून न्यायची. पाण्यात कालवलं की झालं जेवण. घरी केलेलं सातूचं पीठ मला शंभर ग्रॅमला तेरा-चौदा रुपयांत पडते. तुमच्या हिशोबात लावून पाहा.

धंतोलीकर

लावलं. सातूच्या पिठात १०० ग्रॅमला ४०० च्या आसपास किलोकॅलरी धरल्या तर १०० किलोकॅलरीला साडेतीन रुपये. दुसरं कुठलंच पाकीट याच्या जवळपास येत नाही, आणि ते गार पाण्यातही चालतं. सकाळची न्याहारी सातूचीच ठरवली, तुमच्यामुळे.

मुंगवड्या आणि सरगुंडे मात्र नाही नेणार. चवीला हवेच आहेत, पण वड्या तेलात परतून वर पंधरा-वीस मिनिटं शिजवाव्या लागतात. तिकडे गॅस मोजून नेलेला असतो.

अन्नतंत्र

मी अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात आहे. तिप्पट पैसे कशाचे, हा प्रश्न अगदी योग्य जागी पडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रीझ-ड्रायमध्ये शिजवलेलं अन्न आधी उणे तीस-चाळीस अंशांपर्यंत गोठवतात. मग बंद कोठीतली हवा काढून दाब ६११ पास्कलच्या खाली आणतात. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण एक लाख पास्कल असतो, त्यावरून अंदाज येईल. इतक्या कमी दाबावर बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन निघून जातो. पाणी पातळ झालंच नाही, त्यामुळे दाणा आक्रसत नाही, त्याच्यात बर्फाच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. ताईंनी चिमटीत चुरला तो खडूसारखा वाटाणा म्हणजे त्या पोकळ्याच. उकळतं पाणी त्यांतूनच आत शिरतं, म्हणून दाणा चटकन पूर्ववत होतो. गरम हवेत वाळवताना पाणी पातळ स्वरूपात बाहेर येतं, दाणा आकसतो, वरची साल कडक होते. मग कितीही भिजवा, गाजर चिवटच.

आता खर्च. एक किलो पाणी उकळत्या तापमानाला वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, एक किलो बर्फाची थेट वाफ करायला सुमारे २,८४० किलोज्यूल. फरक एवढाच असता तर पाकीट तिप्पट महाग झालं नसतं. खरा खर्च आहे गोठवण्याचा, निर्वात पंप चालवत ठेवण्याचा आणि वेळेचा. एक घाणा निघायला बऱ्याचदा दिवस-दीड दिवस लागतो, आणि तेवढा वेळ यंत्रं अखंड चालू.

तेव्हा जास्तीचे पैसे वजनाचे नाहीत, हे ताईंचं निरीक्षण बरोबर. ते पोताचे, चवीचे आणि पाणी लवकर शोषण्याचे. यावरून काय घ्यावं, काय घेऊ नये हेही ठरतं. रवा, पोहे, शेवया, मसूर डाळ यांना फ्रीझ-ड्रायचा फायदा फारसा नाही, ते हवेत वाळवूनही छान होतात. पोहे तर आपले जुने झटपट अन्नच: धान भिजवून, भाजून, चेपून तयार, गार पाण्यातही मऊ पडतात. पनीर, चिकन, वाटाणा, मक्याचे दाणे, आमरस यांना मात्र फ्रीझ-ड्राय केलेलंच घ्या.

तीन गोष्टी सांभाळा. या प्रक्रियेत जंतू मरत नाहीत, ते नुसते निपचित पडून राहतात. म्हणून पाणी उकळलेलंच घाला आणि भिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत संपवा. दुसरं, पोकळ्यांमुळे तेल-तुपाला हवा जास्त लागते, तूप जास्त असलेलं पाकीट खवट लवकर होतं. आतली ऑक्सिजन शोषणारी पुडी त्यासाठीच असते, तिला हात लावू नका. तिसरं आपल्या गावाचं: पाकिटावरची मुदत थंड, कोरड्या जागेसाठी धरलेली असते. मे महिन्यातल्या नागपुरात गाडीच्या डिकीत किंवा माळ्यावर पाकिटं ठेवली तर ती मुदत विसरा. तापमान दहा अंशांनी वाढलं की खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

मानेवाडा_आई

माझा मुलगा बाहेरगावी हॉस्टेलला असतो. मेसचं जेवण त्याला मानवत नाही, खोलीत फक्त इलेक्ट्रिक किटली चालते. मी गेल्या पावसाळ्यात त्याला फ्रीझ-ड्रायची मोठी पाकिटं पाठवली होती, स्वस्त पडतात म्हणून. त्याने अर्धं पाकीट खाल्लं, उरलेल्याला क्लिप लावून ठेवलं. दोन दिवसांनी फोटो पाठवला, दाणे चामड्यासारखे झालेले आणि तळाशी गोळा. सगळं फेकावं लागलं. लहान पाकिटं महाग, मोठं उघडलं की वाया. काय पाठवू त्याला?

अन्नतंत्र

ताई, त्याच पोकळ्यांमुळे हा माल हवेतली ओल स्पंजासारखी ओढतो. पावसाळ्यात मोठं पाकीट उघडलं तर एका बैठकीत संपवायचं, नाहीतर घट्ट झाकणाच्या बरणीत ओल शोषणारी पुडी टाकून ठेवायचं.

तसंही हॉस्टेलला फ्रीझ-ड्राय पाठवू नका असंच मी म्हणेन. त्याला काही पाठीवर वाहून न्यायचं नाही. रिटॉर्टचं पाऊच किटलीतल्या गरम पाण्यात न फोडता दहा मिनिटं बुडवून ठेवलं की गरम होतं. ते सीलबंद करून मग साधारण १२१ अंशांवर निर्जंतुक केलेलं असतं, फ्रिज लागत नाही. हे तंत्र आपल्याकडे मैसूरच्या डीएफआरएल या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने सैन्यासाठी घडवलं आणि तिथून ते बाजारात आलं. जड आहे, पण मुलाच्या खोलीत वजनाने काय बिघडतं?

वऱ्हाडी_पावलं

अन् दडपे पोह्याचं सामान द्या. पातळ पोहे, शेंगदाणे, फोडणी करून डब्यात. दही तिकडे मिळतेच.

निवृत्त_सदर

माझं वय ६९, बीपीची गोळी चालू आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं ऑस्ट्रेलियाला चाललो आहोत. लेक म्हणते, बाबा, पहिले आठ दिवस मला स्वयंपाक होणार नाही, आई थकलेली असेल, काहीतरी तयार आणा. धाग्यात मिठाविषयी कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

धंतोलीकर

काका, चुकलंच माझं, ते लिहायला हवं होतं. पाकिटं परत काढून बघितली. तक्त्यात मीठ नसतं, सोडियम असतं मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ. त्या राजमा-भातात १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे ७५ ग्रॅमच्या पाकिटात ६७५ मिलिग्रॅम, साधारण १.७ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तीनदा असं पाकीट खाल्लं तर तेवढ्यातच मर्यादा ओलांडली, वर लोणचं-पापड वेगळं. तुम्ही डॉक्टरांना एकदा विचाराच. माझ्या आईला बीपी आहे, तिच्यासाठी मी अर्धं पाकीट आणि त्यात घरचा बिनमिठाचा मऊ भात असं करून बघितलं. ती म्हणाली, चव बेताची झाली पण बरी लागली.

ऑस्ट्रेलियात उतरल्यावर अर्जात खाण्याचे पदार्थ नोंदवावेच लागतात, लपवले तर मोठा दंड होतो. दूध, मांस, बिया, फळं असलेल्या पदार्थांवर तिकडे फार कडक नजर असते. त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पदार्थागणिक नियम आहेत. लेकीला ते बघायला सांगा आणि मगच खरेदी करा.

कळसूबाई_ते_कैलास

गेली बरीच वर्षं लोकांना हिमालयात घेऊन जातोय. ताईंच्या हिशोबात दोन गोष्टी घालतो, त्यांनी निकाल बदलतो.

पहिली, उंची. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. तिथे डाळ-तांदूळ घरच्यासारखे शिजत नाहीत, कुकरशिवाय तासभर लागतो आणि तेवढा गॅस जळतो. म्हणून फ्रीझ-ड्रायची किंमत नुसत्या साध्या शिधाशी तोलू नका, शिधा अधिक गॅस अधिक कुकर यांच्याशी तोला. गॅसचा कॅनिस्टर विमानात नेता येत नाही, रेल्वेतही ज्वालाग्राही माल नेण्यास बंदी आहे. तो डेहराडूनला विकत घ्यावा लागतो आणि तिथे मिळेल त्या भावाने घ्यावा लागतो. पाणी उकळलं की बर्नर बंद, ही फ्रीझ-ड्रायची खरी बचत.

दुसरी, भूक. सामान घेऊन चढताना माणसाला दिवसाला तीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी लागतात. त्या सगळ्या फ्रीझ-ड्रायमधून भागवायच्या म्हटल्या तर तुमच्याच आकड्यांनी एका माणसाला दिवसाला साडेसतराशे रुपये. कुणी तसं करू नये. रात्रीचं एकच जेवण फ्रीझ-ड्राय ठेवा. दिवसभर हात खिशात घालून खायचं ते शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, खजूर, बेसनाचे लाडू. चरबीच्या एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी, पिठाच्या नाहीतर साखरेच्या ४, त्यामुळे लाडू वजनाला फार किफायती. तुपाची छोटी बाटली न्या, कुठल्याही पाकिटात दोन मोठे चमचे घातले की वीस-पंचवीस रुपयांत दोनशेच्या वर किलोकॅलरी वाढतात.

आणि मे महिन्यात नागपुरात असाल तर घरीच वाळवता येईल. मी शिजवलेली बिनतेलाची खिचडी थाळीत पातळ पसरून वाळवतो.

अन्नतंत्र

भाऊ, तुमच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण शिजवलेला भात उन्हात वाळवण्याबद्दल इथे सावध करणं भाग आहे. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढू शकतो. त्याचं उलटी आणणारं विष नंतर उकळूनही जात नाही. कुरड्या-पापडात मीठ असतं, ते पातळ असतात आणि आपण ते तळतो. खिचडीचं तसं नाही. घरी वाळवायचंच असेल तर ६० अंशांच्या वर ठेवणारं विजेचं डिहायड्रेटर वापरा. डोंगरात उलट्या-जुलाब झाले तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

कळसूबाई_ते_कैलास

हे माहीत नव्हतं. आजवर कुणाला काही झालं नाही, पण पुढच्या खेपेपासून थांबवतो. धन्यवाद.

काटोलचा

विषय थोडा वेगळा आहे, माफी असावी. आमची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराला भाव पडला की माल मातीमोल होतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. फ्रीझ-ड्राय फोडी मोठ्या शहरांत चांगल्या भावाने विकल्या जातात असं ऐकतो. गटाने यंत्र घ्यावं का?

अन्नतंत्र

यंत्र घेण्याआधी गणित करा. फोडींत ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे सोललेल्या एका किलोतून सुमारे १३० ग्रॅम माल. सोलण्याची आणि बिया काढण्याची मजुरी वेगळी. शिवाय गोड-आंबट रस वाळवायला अवघड. साखर आणि आम्लामुळे रस पुरता गोठायला फारच कमी तापमान लागतं, घाई केली की फोड बसते आणि चिकट होते. आधी कुणाच्या तरी यंत्रावर भाड्याने दहा-वीस किलो करून बघा, ग्राहक शोधा. नागपुरातच लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन भेटा.

धंतोलीकर

परत आले. सगळे सुखरूप. जे घडलं ते लिहिते.

शेवटी नेलं ते असं: सकाळी सातू आणि गूळ, दिवसा लाडू-चिक्की-फुटाणे, संध्याकाळी कपातून काढून पिशवीत भरलेला उपमा किंवा शेवया, आणि चारपैकी दोन रात्रींना फ्रीझ-ड्राय. पाकिटं माणशी दोन, म्हणजे बारा.

गच्चीवर बारा मिनिटांत झालेला राजमा तिकडे बावीस मिनिटांनी झाला. वारा होता, पाणी मुळात कमी तापलेलं, आणि पाकीट हातात धरेपर्यंत गार व्हायला लागायचं. दुसऱ्या रात्री आम्ही पाकीट लोकरीच्या टोपीत गुंडाळून जॅकेटच्या आत ठेवलं, तेव्हा पंधरा मिनिटांत झालं आणि पोटालाही ऊब मिळाली.

एक पाकीट कोपऱ्यात कुठेतरी घासून बारीक टोचलेलं निघालं. बाहेरून काही दिसत नव्हतं, उघडल्यावर दाणे मऊ आणि कुबट वास. ते खाल्लं नाही. निघण्याआधी प्रत्येक पाकीट हलकेच दाबून बघा, हवा निसटते का.

तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाला उंचीचा त्रास झाला, डोकं ठणकत होतं, पोटात काही ठरेना. लाडू बघूनच त्याला मळमळायचं. मुगाच्या खिचडीचं पाकीट होतं, त्यात दुप्पट पाणी घालून पेजेसारखं केलं. पाच-सहा चमचे गेले, अर्ध्या तासाने आणखी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला घेऊन वाटाड्या खाली उतरला, आम्ही मागून. सांक्रीला पोचेपर्यंत तो बोलायला लागला होता. पुढच्या वेळी मऊ खिचडीची दोन पाकिटं मी सगळ्यांच्या वाट्याबाहेर, फक्त आजारपणासाठी ठेवणार.

आता माझी चूक. मी फक्त निव्वळ वजन धरलं होतं. घरी येऊन रिकामी पाकिटं धुऊन, वाळवून तोलली: एकेक १२ ग्रॅम. जाड फॉइल, जाळता येत नाही, आम्ही सगळी परत आणली. म्हणजे राजमा-भाताचं पाकीट पाठीवर ७५ नाही, ८७ ग्रॅम. १००० किलोकॅलरीला २४४ ऐवजी २८३ ग्रॅम. उपमा आम्ही कपातून काढून साध्या पिशव्यांत नेला, तिथे रिकामी पिशवी ३ ग्रॅम, त्यामुळे २३८ चे २४७. शिवाय फ्रीझ-ड्रायची पाकिटं फुगीर, सहा पाकिटांनी अर्धी सॅक भरली, आणि दाबून कोंबली ती उघडल्यावर तळाशी नुसता चुरा होता.

मानेवाडा_आई, माझ्याकडे रिटॉर्टची चार पाकिटं उरली आहेत, मुदत डिसेंबरपर्यंत आहे आणि ती घरात गारव्याला ठेवलेली आहेत. तुमच्या मुलासाठी हवी असतील तर निरोप करा. पहिल्या पोस्टमधले वजनाचे आकडे आज रात्री दुरुस्त करते.